जाते म्हणू नये

आमच्या घरात ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती. नळावर निघालं तरी येते, दूध आणायला निघालं तरी येते, शाळेत निघालं तर दोनदा येते. चुकून तोंडातून ‘जाते’ निसटलं की आई हातातलं काम टाकून दारात यायची. ‘जातंय काय म्हणतंस? येतंय म्हण!’ रागावली की ती मालवणीत शिरायची. एरवी माझ्या शाळेतल्या बाईंशी वगैरे जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायला बघायची. बाबा गिरणीत होते. एकदा तिची मस्करी करायला म्हणून ते मुद्दाम जिन्यातून ओरडले, ‘चला, जातो आता!’ आईने त्यांना अर्ध्या जिन्यातून परत बोलावलं, आत आणून बसवलं, घोटभर पाणी पाजलं आणि नव्याने ‘येतो’ म्हणायला लावून मगच सोडलं. बाबांना गेटवर उशीर झाला आणि दोन दिवस घरात अबोला होता.

जाणं म्हणजे मरणं, एवढं साधं आहे ते. अमुक गेला म्हणतात ना, म्हणून जित्या माणसाने आपल्या तोंडाने जाते म्हणायचं नाही. हे कोणी बसवून शिकवत नाही, बोलायला लागलं की आपोआप येतं. मला वाटायचं, हे सगळ्या जगाला ठाऊक असेल. जगाचं माहीत नाही, कोर्टाला नव्हतं. किंवा होतंही, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

माझं लग्न उशिराच झालं. मी हिंदमाताला साडीच्या दुकानात काउंटरवर होते. गादीवर बसून दिवसभर नवऱ्या मुलींना शालू उलगडून दाखवायचे. दुसऱ्यांच्या लग्नाच्या साड्यांच्या घड्या घालता घालता तिशी उलटली, तेव्हा हे स्थळ आलं. मुलगा आपल्यातला, मूळ कोकणातला, डोंबिवलीला वाढलेला, औषधांच्या कंपनीत. परळच्या हॉलमध्ये लग्न लागलं. पुढे त्याची बदली हैदराबादला झाली आणि मी नोकरी सोडून त्याच्या आणि सासूबाईंच्या मागोमाग तिकडे गेले.

नवरा वाईट माणूस होता असं मी कोर्टात शपथेवर सांगितलंय. इथे शपथ नाही, म्हणून खरं सांगते. वाईट नव्हता, मनाने कंजूष होता. त्याच्या मनात एका वेळी एकच माणूस मावायचं, आणि तिथे त्याची आई आधीच बसलेली होती. त्याचं म्हणणं, माझ्याही मनात एकच माणूस मावतं आणि तिथे माझी आई आहे. त्यात काही खोटं होतं असंही नाही. बाबा वारले तशी आई लालबागच्या खोलीत एकटी पडली. मी एकुलती एक. फोन केला की ती म्हणायची, ‘मी बरी आसंय, तू तुझा बघ,’ आणि तिच्या आवाजावरून मला कळायचं की ती सकाळपासून कोणाशी बोललेली नाही.

मग ती मोरीत घसरून पडली. शेजारच्या काकीचा फोन आला. काकी म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, नात्याची नाही पण नात्यातल्यांपेक्षा जास्त. मी लगेच बॅग भरायला घेतली. नवरा हॉलमध्ये येरझारा घालत होता. ‘परत? आत्ता तर गणपतीला जाऊन आलीस.’ मी म्हटलं, ‘आई पडलीय.’ तो म्हणाला, ‘तुझी आई दर महिन्याला पडते.’ माझंही तोंड काही कमी नाही. मी म्हटलं, ‘तुझी पडली असती तर तू काय, ऑफिसला गेला असतास?’ झालं. ‘जा,’ तो ओरडला, ‘जा! कायमची जा. आईशीच संसार कर. परत या दारात पाय ठेवायचा नाही.’ बॅगेची चेनसुद्धा लावून व्हायची होती. त्याने ती उचलली आणि दाराबाहेर फेकली. पुढे कोर्टात मी ‘फेकली’ म्हटलं तेव्हा त्याच्या वकिलाने विचारलं, किती फुटांवर पडली. जशी काय मी टेप घेऊन उभी होते!

मी बाहेर जाऊन बॅगेतून सांडलेले कपडे गोळा केले. चपला घातल्या. सासूबाई स्वयंपाकघरात खाली बसून गवार निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि मान वर केली नव्हती. आणि मी, इतकं ऐकून घेतलेली, नाक ओढत, दारातून काय म्हणावं? ‘आई, येते.’ आणि त्यांनी गवारीवरची नजर न काढता म्हटलं, ‘ये.’

हे आम्ही दोघींनी म्हटलं नाही. आमच्या जिभांनी म्हटलं.

लालबागला आले. आईचं मनगट मोडलं होतं, ते जुळलं. महिने करता करता दोन वर्षं गेली. मी त्याच्या फोनची वाट बघत होते हे सांगायला आता लाज कसली? वाट बघत होते. रागाने बघत होते, पण बघत होते. फोन नाही आला, कोर्टाचं समन्स आलं. बायको कारण नसताना घर सोडून गेली, सबब घटस्फोट मिळावा. हैदराबादच्या कोर्टात.

मी शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतल्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘नवराबायको म्हणून शेवटचं एकत्र कुठे राहिलात?’ मी म्हटलं, ‘हैदराबादला. एकत्र कसलं, एका छपराखाली होतो.’ त्यांनी तेवढंच लिहून घेतलं, हैदराबाद. मग समजावलं. नवराबायको जिथे शेवटचे एकत्र राहिले तिथे नवरा केस दाखल करू शकतो. बायकोला मात्र ती आता राहते त्या गावीही दाखल करता येतं.

‘म्हणजे मला इथे मुंबईत करता आली असती?’

‘आली असती. आधी का नाही आलात?’

फोनची वाट बघत होते, असं कसं सांगणार? मी म्हटलं, ‘मग आता करा.’

‘आता तो आधी पोचलाय. एकाच लग्नाच्या दोन केसेस दोन राज्यांत कशा चालतील? ती तिथून इथे आणायची तर अर्ज दिल्लीला, सुप्रीम कोर्टात करावा लागेल. दोन राज्यांचा मामला आहे ना.’

‘दिल्लीला? नवरा हैदराबादला, मी लालबागला. दिल्लीत आमचं कोण आहे?’

बाई हसल्या. मला काही हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, त्यापेक्षा दोघांच्या संमतीने होतंय का बघा, लवकर सुटाल. म्हणून तारखांना हैदराबादला जायला लागले. तिथे समुपदेशनाच्या खोलीत आम्हाला समोरासमोर बसवायचे. तो बारीक झाला होता. शर्टाची कॉलर विटलेली. माझ्या डोक्यात पटकन आलं, ही उलटी करून शिवायला हवी. संमतीचं आमचं जमलं नाही. तसं दोघांनाही सुटायचंच होतं, त्यावर भांडण नव्हतंच. अडलं होतं ते कोण गेलं यावर. त्याचं म्हणणं, ती गेली हे कागदावर यायला पाहिजे. माझं म्हणणं, मला घालवली हे यायला पाहिजे. ‘दोघांना नको होतं असं मी कशाला लिहू?’ तो म्हणाला. ‘मी कुठे गेलो? मी तर घरातच आहे.’ समुपदेशक बाई कपाळाला हात लावून बसायच्या. आज वाटतं, तेव्हाच सही करून मोकळी झाले असते तर? पण तेव्हा मला माझा मुद्दा आईपेक्षा मोठा वाटला असं नव्हे. तेव्हा आई धडधाकट होती. नाक्यावरून मासळी आणत होती आणि मासळीवालीशी भांडत होती.

मग तिला झटका आला. अर्धांगवायूचा. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली.

हॉस्पिटलातून आणली तेव्हा ती फक्त बघायची. जन्मभर जिचं तोंड सगळ्या चाळीला पुरून उरलं, ती नुसती बघायची. मी परत हिंदमाताच्या दुकानात लागले होते. सकाळी तिचं सगळं आवरून, काकीला तिच्याजवळ बसवून जायचे, दुपारी पळत येऊन भरवून जायचे. डॉक्टर म्हणाले, हिला बोलतं करा, काहीही करून बोलायला लावा, शब्द आतमध्ये आहेत. मी गाणी म्हटली, फोटो दाखवले, देवांची नावं घेतली. ढिम्म. एकदा उशीर झाला होता, रिकामा डबा सापडत नव्हता, घाईघाईत चपला घालता घालता माझ्या तोंडातून निघून गेलं, ‘जाते गं आई.’

मागून आवाज आला. घोगरा, अर्धवट, रागाने भरलेला. ‘ये... ते.’

मी वळले. तिचं अर्धं तोंड लाल झालं होतं. डावा हात गादीवर आपटत होती. ‘ये... ते!’ मी तिथेच रडू लागले. काकी धावत आली. तिला वाटलं, संपलं सगळं. मी म्हटलं, ‘काकी, आई मला ओरडली!’

त्यानंतर तो आमचा रोजचा खेळ झाला. दाराशी जायचं, चपला घालायच्या, आणि नाटकीपणाने म्हणायचं, ‘बरं का, मी जाते.’ मग ती खवळायची, शब्द गोळा करायची आणि फेकायची. ‘येते!’ महिन्याभरात ते अडखळणं जाऊन चांगलं ठणठणीत यायला लागलं. तिच्या लक्षात आलं होतं की मी मुद्दाम म्हणते. तरी राग खराच यायचा तिला. दिवसभरात तेवढा एकच शब्द बोलायची, पण काय बोलायची! दुकानात मुलींना शालू दाखवताना मला मध्येच तो आवाज आठवायचा आणि हसू यायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई किती हौशी आहे.

आता हिला सोडून मी तारखांना कशी जाणार? काकीचंही वय झालं होतं. आईला कूस बदलायला लागायची, चमच्याने पेज भरवायला लागायची, आणि घास मध्येच अडकला तर पाठीवर कशी थाप मारायची ते मलाच जमायचं. मी वकीलबाईंकडे गेले. म्हटलं, ‘काय ते दिल्लीचं करा.’ त्यांनी अर्ज केला. त्यांच्या भाषेत आईचं आजारपण हे ग्राउंड. ‘आईचं ग्राउंड स्ट्राँग आहे आपलं,’ त्या म्हणाल्या, ‘एकुलती एक मुलगी, आई अंथरुणाला खिळलेली. केस नक्की इकडे येईल.’ घरी येऊन मी आईला सांगितलं, ‘ऐकलंस का, तू माझं ग्राउंड आहेस.’ आता ही काय नवीन भानगड, अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं.

मला दुसरं काही नको होतं. घटस्फोट मिळो न मिळो, कोणाच्या बाजूने मिळायचा त्याच्या बाजूने मिळो. मला फक्त त्यासाठी आईला सोडून जायला लागू नये, एवढंच.

दिल्लीहून नवऱ्याला नोटीस निघाली. ती त्याला मिळेना. घर बंद, पत्ता बदलला, माणूस फिरतीवर. तिकडे हैदराबादची केस काही थांबली नव्हती. माझी उलटतपासणी लागली. व्हिडिओवर घ्या म्हणून आम्ही अर्ज दिला, त्यांच्या वकिलाने हरकत घेतली की साक्षीदार समोरच पाहिजे. आधीच्या दोन तारखा मी चुकवल्या होत्या. वकीलबाई म्हणाल्या, ‘या वेळी गेलंच पाहिजे. नाहीतर तुमची बाजू बंद करतील. एकदाच जाऊन या. पुढच्या तारखेपर्यंत दिल्लीची ऑर्डर येईल.’

आदल्या दिवशी दुपारी निघाले. आईला सगळं समजावून सांगितलं होतं. काकी उशाशी बसली होती. मी चपला घातल्या, बॅग उचलली आणि तिच्याकडे बघितलं. आई माझ्याकडे टक लावून बघत होती. डोळ्यांत एक चमक होती. ती वाट बघत होती, मी कधी चुकीचा शब्द म्हणते आणि ती कधी खवळते. आणि मला धीर झाला नाही. इतक्या लांब निघालेले, रात्रभराचा प्रवास, मागे आजारी माणूस. अशा वेळी ‘जाते’ म्हणायला जीभ वळेना. भ्याले मी. म्हटलं, ‘आई, येते हं.’

तिचे ओठ जरासे हलले. पण तिला ओरडायला मी काही ठेवलंच नव्हतं. मी घाईने जिना उतरले.

कोर्टात नवरा होता, सासूबाई नव्हत्या. मी पिंजऱ्यात उभी राहिले. त्यांचे वकील इंग्रजीत विचारायचे, मग माझ्यासाठी हिंदीत. मी मुंबईच्या हिंदीत उत्तर द्यायचे, आणि टाइप करणारा ते इंग्रजीत उतरवायचा. बॅग किती फुटांवर पडली, ते झालं. मग वकील म्हणाले, ‘घर से निकलते वक्त आपने सास से क्या कहा?’

मला वाटलं, आता लपवायचं कशाला? ‘मैंने बोला, येते.’

‘मतलब?’

‘मतलब... आती हूँ.’

‘और सास ने?’

‘ये. मतलब, आओ.’

वकील न्यायाधीशांकडे बघून हसले. टाइप करणाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवलं. साक्षीदाराने सासूला सांगितलं की मी परत येत आहे, आणि सासूने तिला परत यायला सांगितलं. मी म्हटलं, ‘परत कुठून आलं? मी परत नाही म्हटलं!’ माझा आवाज चढला. न्यायाधीशांनी हात वर केला. वकील म्हणाले, म्हणजे तुम्हाला कोणी हाकललं नाही. तुम्ही रीतसर निरोप घेऊन, परत येते असं सांगून, सासूची परवानगी घेऊन बाहेर पडलात आणि मग आलाच नाहीत. बरोबर?

मी सांगायला लागले. आमच्यात असंच म्हणतात साहेब, सगळेच म्हणतात, कायमचं निघालं तरी तेच म्हणतात, जाते म्हणणं अशुभ असतं. जितकं सांगत गेले तितकं ते खोटं वाटायला लागलं. माझी तिथली वकील, एक तरुण तेलुगू मुलगी, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘मॅडम, हमारे में भी यही बोलते हैं. पोयोस्ता. जाके आती हूँ. मैं भी सुबह अम्मा को बोल के आई. जजसाब भी बोल के आए होंगे.’

‘तो बोलो ना उनको!’

‘बोला. लेकिन रेकॉर्ड इंग्लिश में है.’

म्हणजे त्या खोलीतला प्रत्येक माणूस सकाळी आपापल्या घरून येतो येते म्हणून निघाला होता. त्यातल्या एकालाही त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. आणि तरी कागदावर ते ‘परत’ जे आलं ते आलंच. वकिलांनी पुन्हा विचारलं, ‘आपका लौटने का इरादा था या नहीं? हाँ या ना?’ आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेव्हा माझं मलाच कळेना. त्या दिवशी दारात उभी होते तेव्हा मला परत यायचं होतं का? महिनोन् महिने फोनची वाट बघत बसले होते ती मग कशासाठी? मी गप्प राहिले. टाइप करणाऱ्याने बहुधा तेही लिहिलं असेल. जेवणाची सुट्टी झाली.

बाहेर येऊन फोन चालू केला तर काकीचे पाच-सहा मिस्ड कॉल. लावला.

‘बाय, तू ये.’

‘काय झालं काकी? आई कशी आहे?’

‘तू ये गो आधी. ये तू.’

आमच्याकडे फोनवर कोणी सांगत नाही. नुसतं ये म्हणतात. मी बॅग खांद्याला लावली. पाण्याच्या मशीनपाशी नवरा उभा होता, हातात ग्लास. तो दोन पावलं पुढे आला. ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘आई.’ त्याचा चेहरा उतरला. त्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, ‘जा. तू जा लवकर. इथलं मी सांगतो वकिलांना.’ त्यात काही खोट नव्हती, हे मी कबूल करते. आयुष्यात दुसऱ्यांदा तो मला आईकडे जा म्हणत होता. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आई होती.

विमानाने आले. आईला न्यायचं माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. चाळीतली माणसं गॅलरीत कठड्याला टेकून उभी होती, मला बघून बाजूला झाली. आईला नवं नेसवलं होतं. मीच दुकानातून आणलेलं हिरवं लुगडं, सणाला नेसायचं म्हणून ठेवलेलं. बाबा नसताना हिरवं कशाला, म्हणून तिने ते कधी नेसलं नव्हतं. आता तिला विचारतंय कोण? काकी रडत रडत सांगत होती. सकाळी दोन चमचे पेज घेतली, तिसऱ्याला ठसका लागला, मी पाठ चोळली गो, पण तुझ्यासारखं जमलं नाही मला. मी म्हटलं, काकी, तुझं काही चुकलं नाही. मग ती म्हणाली, ‘काल तू गेलीस ना, तशी कितीतरी वेळ तोंड हलवत होती. मी विचारलं, पाणी हवं काय? तर मानेने नको म्हणाली. आणि परत हलवत होती.’

मी आईच्या लुगड्याचा पदर सारखा केला.

अग्नी मीच दिला. कोणीतरी कुजबुजलं, जावयाला कळवलं का? काकीने त्याच्याकडे असं बघितलं की तो मागे सरकला.

सुतकाचे दिवस चालू असतानाच वकीलबाईंचा फोन आला. आधी नीट विचारपूस केली त्यांनी. बाई माणुसकीच्या आहेत. मग म्हणाल्या, ‘आता हे बोलायची वेळ नाही, पण दिल्लीची तारीख जवळ आली म्हणून सांगते. अर्जात आपलं मुख्य ग्राउंड आई होत्या.’

‘हो.’

‘ते आता राहिलं नाही ना. समोरचे सांगणार, बाई एकट्या आहेत, तब्येत चांगली आहे, मूलबाळ नाही. त्यांना प्रवासाला काय अडचण? खरं बघितलं तर आता आपल्याकडे उत्तर नाही.’

खरंच, काय अडचण होती मला? बाई तिकडून बोलत होत्या. अर्ज मागे घ्यावा लागेल, उलटतपासणी अर्धवट राहिलीय, ती पुरी करायला तिथेच जावं लागेल. मी समोरच्या रिकाम्या पलंगाकडे बघत होते. ज्याच्यासाठी तारखा चुकवल्या, दिल्ली गाठली, ते आता कोणत्याच कोर्टात मागायचं राहिलं नव्हतं.

मी म्हटलं, ‘बाई, त्यांना कळवून टाका. मीच गेले म्हणावं.’

‘काय?’

‘मीच घर सोडून गेले, माझ्या मर्जीने गेले. त्याला कागदावर जसं पाहिजे तसं लिहू दे. मी जाऊन हो म्हणते.’

‘अहो, आत्ता दुःखात असं काही ठरवू नका. थोडं थांबा.’

‘कोणासाठी थांबू?’ मी विचारलं.

तारखेच्या आदल्या दिवशी दुकानातून दुपारीच निघाले. एका गिऱ्हाइकाचा शालू अर्धा उलगडलेला होता, तो दुसरीच्या हवाली केला. घरी येऊन बॅग भरली. कोणाला भरवायचं नव्हतं, कोणाची कूस बदलायची नव्हती, त्यामुळे सगळं इतक्या लवकर आवरलं की मी उगाच भांडी पुन्हा घासली. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती. उशाशी पाण्याचा तांब्या मात्र मीच सकाळी भरून ठेवलेला, सवयीने. तो मोरीत ओतला. दिवा मालवला, खिडकी लावली, चपला घातल्या.

बाहेर येऊन कुलूप लावलं. शेजारी काकी दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी आमच्या बंद दाराकडे तोंड करून, आतपर्यंत ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हटलं, ‘आई, मी जाते गं.’

आणि ओरडा खायला तिथेच उभी राहिले.

काकीने ऐकलं होतं. ओला टॉवेल हातात तसाच धरून ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, निदान ती तरी रागावेल. तिने तो टॉवेल दोरीवर टाकला आणि नीट पसरला. मी बॅग उचलली आणि जिना उतरले.